दुखायची गोळी घेताय? मग पोट, किडनी आणि बीपीची गोळी, तिन्ही डोक्यात ठेवा

तासगाव म्हणा, मिरज म्हणा, विटा म्हणा, कुठल्याही मेडिकलच्या काऊंटरवर दिवसभर ऐकू येणारं वाक्य म्हणजे "एक दुखायची गोळी द्या". कशाचं दुखतंय, किती दिवस झाले, दुसरी औषधं काय चालू आहेत, ह्यातलं काही गिऱ्हाईक सांगत नाही आणि गर्दीच्या वेळेला दुकानातूनही कुणी विचारत नाही. छाटणीच्या दिवसात द्राक्षबागेत मांडवाखाली दिवसभर हात वर धरून मान भरून आलेल्या बायका, ऊसतोडीला आलेली माणसं, गुडघे गेलेले आजोबा, दाढ ठणकणारं पोरगं, सगळ्यांना तीच गोळी आणि तीही बहुतेक वेळा पानातनं कापून दिलेली, म्हणजे नावसुद्धा वाचता येत नाही. मी फार्मसी शिकून ह्याच काऊंटरला उभा राहणारा माणूस आहे, आणि ह्या एका गोळीबद्दल निवांत बसून सगळं सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी एक स्पष्ट करतो, गोळी वाईट नाही. दुखणं दात-ओठ खाऊन सहन करा असं मी अजिबात म्हणणार नाही. पाय मुरगळला, दाढ काढली, कंबर धरली, पाळीत पोट दुखतंय, तर दोन-तीन दिवस ही गोळी घेणं बहुतेक तब्येतीच्या तरुण माणसाला चालतं आणि आरामही चांगला पडतो. गडबड होते ती कुणी घेतली, कशासोबत घेतली आणि किती दिवस ओढली ह्याच्यावर.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, नायमेसुलाइड, पायरॉक्सिकॅम, केटोरोलॅक, एटोरिकॉक्सिब, ही सगळी एकाच घरातली औषधं, सूज आणि दुखणं दोन्ही कमी करणारी. पॅरासिटामॉल ह्या घरातलं नाही, ते ताप आणि दुखणं कमी करतं पण सुजेवर त्याचं फारसं चालत नाही, आणि म्हणूनच त्याचे धोकेही वेगळे. हा फरक पुढं सारखा लागणार आहे.

ही औषधं काम कशी करतात ते एकदा समजलं की बाकीचं आपोआप समजतं. कुठं मार लागला, सांध्यात सूज आली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात, त्यानंच ती जागा लाल होते, गरम लागते, हात लावला तरी दुखते. ती तयार करायला शरीरातलं कॉक्स नावाचं एन्झाइम लागतं आणि आपली गोळी नेमकं तेच अडवते. ॲस्पिरिन अशा पद्धतीनं काम करतं हे जॉन व्हेन ह्या शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दाखवलं, त्याच कामासाठी १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्याच्या आधी कित्येक वर्षं लोक ॲस्पिरिन खातच होते, पण आत नक्की काय होतं ते नीट माहीत नव्हतं.

आता अडचण अशी आहे की प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखवायचं काम करत नाहीत. जठराच्या आतला चिकट थर टिकवायचा, ॲसिडनं जठराची भिंतच जळू नये हे बघायचं, किडनीकडं जाणारा रक्ताचा पुरवठा चालू ठेवायचा, हीसुद्धा त्यांचीच कामं. आणि गोळी पोटात गेली की रक्तातनं सगळ्या अंगात फिरते, फक्त गुडघ्यात जाऊन बसत नाही, त्यामुळं गुडघ्यातली सूज उतरवताना ती जठराचं आणि किडनीचं संरक्षणही थोडं थोडं काढून घेत असते.

पोटाचं आधी बघू, कारण त्याबद्दल गैरसमज भरपूर आहेत. पहिला म्हणजे "पोटभर जेवून घेतली की काय होत नाही". जेवणानंतर घेतली तर जळजळ, मळमळ कमी होते हे खरं, पण अल्सर, म्हणजे जठराला आतनं जखम, व्हायचा धोका जेवणानं जात नाही, कारण नुकसान नुसतं गोळी जठराला चिकटून होत नाही, रक्तातनं गेलेल्या औषधानंही होतं. आणि म्हणूनच दुसरा गैरसमजही तिथंच संपतो, तो म्हणजे "मी गोळी खात नाही, सुई घेतो, सुईनं पोटाला त्रास होत नाही". कमरेत डायक्लोफिनॅकची सुई घेतली तरी ते औषध रक्तात जातं आणि जठराचा थर तेवढाच पातळ करतं. आपल्याकडं बाजाराच्या दिवशी गावातनं येऊन एक सुई मारून जायची जी पद्धत आहे ना, ती कित्येकांची आठवड्याला ठरलेली असते, आणि ती माणसं स्वतःला गोळ्या न खाणारी समजतात.

तिसरी गोष्ट जास्त काळजीची. ह्या अल्सरमध्ये पोट दुखेलच असं नाही. गोळीच दुखणं दाबणारी आहे, त्यामुळं वयस्कर माणसाला आधी काहीच कळत नाही आणि एकदम डांबरासारखी काळी, चिकट, वेगळाच घाण वास येणारी संडास होते किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होते. हा जठरातला रक्तस्राव असतो, ह्यात उद्या बघू, ताक पिऊन बघू असं काहीही करायचं नाही, त्याच वेळेला दवाखान्यात न्यायचं, रात्र असली तरी. लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी संडास काळी होते हे खरं आहे, पण दुखायची गोळी चालू असताना ते घरच्या घरी ठरवू नका.

पासष्टीच्या पुढचं वय, आधी कधी अल्सर झालेला, रोजची दारू, तंबाखू, सोबत स्टेरॉइड, रक्त पातळ करायची गोळी, ह्यातलं काही असेल तर धोका कितीतरी वाढतो. अशा माणसाला डॉक्टर पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळी सोबत देतात, ती सकाळी नाष्ट्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, दुखायच्या गोळीबरोबर जेवणानंतर नाही. ह्या गोळीनं पोट बऱ्यापैकी सांभाळलं जातं, पण किडनीला तिचा काडीचाही उपयोग नाही. "पित्ताची गोळी घेतोय की सोबत, मग काय होतंय" म्हणणारी माणसं इथंच फसतात.

आता किडनी. माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात जास्त बोलायला पाहिजे असं हेच आहे.

बागायतदाराला ठिबकचा फिल्टर समजावून सांगायची गरज नाही. आत येणाऱ्या पाण्याला प्रेशर असेल तरच फिल्टर चालतो, आतला व्हॉल्व्ह आवळला किंवा पुढचा एकदम सैल सोडला की प्रेशर जातं, आणि विहिरीतच पाणी नसलं तर विषयच संपला. किडनीत अशा लाखो बारीक चाळण्या आहेत. प्रत्येक चाळणीकडं येणारी बारीक रक्तवाहिनी गरजेच्या वेळी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात, म्हणजे तो आतला व्हॉल्व्ह. दुखायची गोळी तोच आवळते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल ह्या बीपीच्या गोळ्या चाळणीतनं बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतात, म्हणजे पुढचा व्हॉल्व्ह. आणि लघवी जास्त करणारी औषधं, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड वगैरे, ही अंगातलं पाणी कमी करतात. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत टेल्मिसार्टन आणि हे लघवीचं औषध एकाच गोळीत असतं, नावाच्या पुढं एच किंवा सीएच अशी अक्षरं असतात ती त्याचीच.

एरवी बीपीच्या ह्या गोळ्या चांगल्याच आहेत, शुगरवाल्यांची किडनी वाचवायला तर मुद्दाम देतात, त्यामुळं हे वाचून कुणीही बीपीची गोळी बंद करू नका, हात जोडून सांगतो. पण त्याच्यावर दुखायची गोळी पडली आणि वर उन्हानं, जुलाबानं किंवा उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, की तिन्ही बाजूंनी प्रेशर जातं आणि किडनी काही दिवसांत बसू शकते. वेळेत कळलं, औषध थांबवलं, पाणी भरून निघालं तर बहुतेक वेळा परत सुधारते. उशीर झाला तर डायलिसिसपर्यंत जातं, आणि ज्याची किडनी शुगरनं आधीच थोडी खराब आहे त्याची पूर्ववत होईलच असं नाही.

म्हणून काऊंटरवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. "मामा, बीपीची गोळी चालूय का?" "हाय की." "कुठली?" "ती बारकी, पांढरी." पांढऱ्या बारक्या गोळीवरनं काहीच कळत नाही ओ, त्या रंगाच्या शंभर गोळ्या आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चालू गोळ्यांच्या पाकिटाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, एवढं एक काम आज करा, बाकी लेख नंतर वाचला तरी चालेल.

उन्हात राबणाऱ्या माणसांचं तर फारच वाईट वाटतं. ऊसतोडीचा हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, शेवटी शेवटी ऊन चांगलंच तापलेलं असतं. फडात वाकून तोडायचं, मोळ्या डोक्यावरनं गाडीत भरायच्या, अंग दुखणारच. मग सकाळी चहाबरोबर एक गोळी टाकूनच फडात जायचं, म्हणजे दुखायच्या आधीच. त्यात बायकांना आडोसा नसतो, संडास-लघवीची सोय नसते म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात. कमी पाणी, भरपूर घाम, रोजची गोळी, किडनीसाठी ह्याच्यापेक्षा वाईट जोडी शोधून सापडायची नाही. मुकादम, कारखाना, शेतमालक, जे कोण हे वाचत असतील त्यांनी फडात प्यायचं पाणी आणि बायकांसाठी आडोसा केला तर कित्येक किडन्या वाचतील.

वारीचंही तेच. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढं जाते, आणि त्या वाटेवर पाय सुजलेली, गुडघे धरलेली वयस्कर माणसं रांगेनं दुखायच्या गोळ्या मागतात. त्यातल्या कित्येकांना बीपी, शुगर असते. आपल्या घरातनं कुणी वारीला निघालं असेल तर त्यांच्या पिशवीत पॅरासिटामॉल, लावायचं जेल आणि ओआरएसची पाकिटं द्या आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी द्या. घाट चढायच्या स्पर्धेत पळणाऱ्या तरुण पोरांनाही सांगणं आहे, पळायच्या आधी "दुखू नये म्हणून" गोळी टाकायची सवय सोडा, घामानं पाणी गेलेल्या अंगात तोच प्रकार होतो.

एक आठवलं म्हणून सांगतो. गिधाडं आपल्याकडनं का गेली, तर जनावरांना दिलेल्या ह्याच डायक्लोफिनॅकमुळं. मेलेल्या जनावराच्या मांसातनं ते गिधाडाच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं, पण माणसाच्या सुईच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जायला लागल्या म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या बाटल्याही बंद करून सुई ३ मिलीच्या पॅकमध्येच द्यायची असा नियम आला. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही हे नक्की, पण औषध कुठल्या अवयवाला जाऊन लागतं ते ह्यातनं कळतं.

हृदयाचं थोडक्यात. ही औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळं बीपी वाढतं, पायावर सूज येते, आणि चांगला चाललेला बीपीचा डोस कमी पडायला लागतो. हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोकाही थोडा वाढतो, डोस आणि दिवस वाढतील तसा जास्त. पोटाला सोपी म्हणून आलेली रोफेकॉक्सिब नावाची गोळी ह्याच कारणानं २००४ मध्ये जगभरातनं मागं घ्यावी लागली. ज्याला अटॅक येऊन गेलाय, स्टेंट टाकलाय, बायपास झालीय, हार्ट फेल्युअर आहे, त्यानं डायक्लोफिनॅक किंवा एटोरिकॉक्सिब स्वतःच्या मनानं घ्यायचीच नाही. आणि हृदयासाठी रोज ७५ ची ॲस्पिरिन घेणाऱ्यानं आयबुप्रोफेन घेतलं तर ॲस्पिरिनचं रक्ताची गुठळी रोखायचं कामच अडू शकतं, म्हणजे रोज गोळी घेऊनही संरक्षण कमी. रक्त पातळ करायच्या क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, आमवातासाठीचं मेथोट्रेक्सेट, मानसिक आजारासाठीचं लिथियम ह्यांच्यासोबतही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

आता पुडीबद्दल बोलायलाच पाहिजे. कागदात बांधून दिलेल्या चार-पाच रंगीत गोळ्या, "एक डोस घ्या, उद्या कामाला जाताय बघा". बऱ्याच वेळा त्यात एक दुखायची गोळी, एक पित्ताची, आणि एक बारकी गोळी स्टेरॉइडची असते, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. म्हणूनच तर एवढा जादूसारखा फरक पडतो, भूक लागते, अंगात तरतरी येते. पण स्टेरॉइड आणि दुखायची गोळी एकत्र म्हणजे अल्सरला सरळ आमंत्रण, शुगर वाढते ती वेगळी, आणि महिनोन्‌महिने चालू ठेवून अचानक बंद केली तर माणूस कोसळू शकतो. वातावरचं चूर्ण, "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून लेबल नसलेल्या डबीतनं मिळणारी भुकटी, ह्यातही स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेलं सापडतं. जे औषध पानावर नाव नसताना, बिल नसताना मिळतं ते घेऊ नका, मग देणारा कितीही ओळखीचा असू दे. आणि कुणी महिनोन्‌महिने अशी पुडी घेत असेल तर एकदम बंद करू नका, घेऊन डॉक्टरकडं जा.

सगळ्यात साधी आणि रोज होणारी चूक म्हणजे एकच औषध दोन नावांनी घेणं. झेरोडॉल पी मध्ये असिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल आहे, कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. हाडाच्या डॉक्टरनं पहिली दिली, दाढ दुखली म्हणून मेडिकलमधनं दुसरी आणली, ताप वाटला म्हणून वरनं ६५० ची पॅरासिटामॉल घेतली, म्हणजे सुजेची दोन औषधं आणि पॅरासिटामॉल तीन वाटांनी. सुजेची दोन औषधं एकत्र घेतली तर आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो. पाकिटावर मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, त्याखालची बारीक अक्षरं वाचा.

डोसचं बोलायचं तर असिक्लोफिनॅक १०० ची दिवसाला दोन, डायक्लोफिनॅक सगळं मिळून दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या वर नाही, स्वतःच्या मनानं घेतलेलं आयबुप्रोफेन दिवसाला १२०० च्या वर नाही. ह्या मोठ्या, तब्येत ठीक असलेल्या माणसाच्या वरच्या मर्यादा आहेत, रोजचं ध्येय नाही. दाढेला देतात ती केटोरोलॅक फार कडक, पाच दिवसांच्या पुढं नाहीच. भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्या घेतल्या आडवं होऊ नका, आणि आवरण असलेली डायक्लोफिनॅकची गोळी तोडून, कुटून घेऊ नका.

ताप असेल तर वेगळाच विचार. पावसाळ्यात, कृष्णेचं पाणी ओसरल्यावर आपल्याकडं तापाची साथ असतेच, आणि डेंग्यूमध्ये प्लेटलेट आधीच कमी होत असतात. त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन घेतलं तर रक्तस्राव वाढतो. अंग कितीही मोडून आलं असलं तरी डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि पाणी. चिकनगुनियाचे सांधे दुखतात ते खरंच भयंकर असतं, पण तिथंही डेंग्यू नाही हे आधी ठरू दे.

बायकांसाठी दोन गोष्टी. पाळीत गर्भाशय आवळतं तेच प्रोस्टाग्लँडिनमुळं, म्हणून मेफेनॅमिक ॲसिड तिथं इतकं छान लागू पडतं, दुखायला लागल्या लागल्या घेतलं तर कमी गोळ्यांत काम होतं. क्वचित कुणाला ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असा गंभीर त्रास काही आठवड्यांनी होऊ शकतो, २०२३ मध्ये आपल्या फार्माकोपिया कमिशननंही, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनंही, तसा इशारा दिलाय, तर असं काही दिसलं की गोळी थांबवून डॉक्टरला दाखवा. आणि पोटात बाळ असेल तर, त्यातही विसाव्या आठवड्यानंतर, ही औषधं डॉक्टरनं मुद्दाम सांगितल्याशिवाय नकोच, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. लहान पोरांना नायमेसुलाइड द्यायचं नाही, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते भारतात २०११ पासून बंद आहे. दमेकऱ्यांपैकी काहींना ह्या गोळ्यांनी एकदम धाप लागते, आधी कधी असं झालं असेल तर ते प्रत्येक डॉक्टरला सांगायचं.

मग गुडघ्याचं रोजचं दुखणं असलेल्या सत्तरीच्या आजीनं करायचं काय, हा खरा प्रश्न. डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्याला, बोटांच्या सांध्याला चांगलं लागू होतं आणि गोळीच्या मानानं फारच थोडं औषध रक्तात जातं. दिवसातनं तीन-चार वेळा हलक्या हातानं लावायचं, जखमेवर नाही, लावून वरनं गरम पट्टी बांधायची नाही, आणि आठवडाभर तरी नियमानं लावून मग ठरवायचं उपयोग होतोय का. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा वगैरे, हे फिजिओकडं एकदा जाऊन शिकून या, दिसायला साधं आहे पण गोळीपेक्षा लांब टिकतं. थोडं वजन उतरलं तरी गुडघ्याला कळतं. पॅरासिटामॉल अधनंमधनं चालतं, पण चोवीस तासात ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि रोज दारू पिणाऱ्यानं किंवा लिव्हर खराब असणाऱ्यानं त्याच्याही खूप खाली थांबायचं.

आणि ज्यांना आमवात आहे, मणक्याचा सुजेचा आजार आहे, त्यांना खरोखरच बरेच दिवस गोळी लागते, त्यांनी घाबरून बंद करू नये. फक्त डॉक्टरच्या नजरेखाली, बीपी मोजत, आणि मध्ये मध्ये क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची तपासणी), हिमोग्लोबिन तपासत घ्यायची. क्रिएटिनिनची तपासणी फार महाग नाही, तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होते. लघवी एकदम कमी झाली, पाय-चेहरा सुजला, धाप लागली, छातीत दुखलं, काळी संडास झाली, अंगावर पुरळ उठलं, तर गोळी तिथंच थांबवायची आणि जाताना पाकीट बरोबर न्यायचं. साधं दुखणंही दहा दिवसांत थांबलं नाही, किंवा गोळी घेऊनही ताप तीन दिवसांच्या वर गेला, तर पुढचं पान विकत घेण्याऐवजी तपासून घ्यायचं. मेडिकलवाल्यानं बीपी, शुगर, किडनी, पोट, पोटातलं बाळ ह्यातलं काही न विचारता गोळी पुढं सरकवली, तर तुम्हीच आपणहून सांगा, त्याला थांबायला लावा, तुमच्या मागं कितीही रांग असू दे.